तारेचा भाव आणि दोन वर्षांचा हिशेब

दातांना तार बसवायला किती लागतात, असे जिंतुरात किंवा परभणीत एखाद्या दवाखान्यात विचारले, की उत्तरादाखल एकच आकडा मिळतो. कुठे ३० हजार, कुठे ४० हजार. चारठाण्यासारख्या गावातले आईवडील तो आकडा मनात धरून घरी येतात, सोयाबीनचे पैसे हातात पडले की बघू म्हणतात, आणि दिवाळीनंतर लेकीला घेऊन दवाखाना गाठतात. उपचार अर्ध्यावर आला की कळते, त्या आकड्यात बरेच काही धरलेलेच नव्हते. एक्स-रे वेगळे, दात काढणे वेगळे, तार अडकवायला दातावर चिकटवलेले ब्रॅकेट निघाले तर ते पुन्हा चिकटवण्याचे वेगळे, तारा काढल्यावर लागणाऱ्या रिटेनरचे तर आणखी वेगळे. बोअर घेताना फुटाचा भाव ठरतो आणि केसिंग, पाइप, मोटर यांचा खर्च नंतर उभा राहतो, तशातलाच हा प्रकार.

दर वेळी यात फसवणूकच असते असे नाही. बऱ्याच डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सगळा आकडा सांगितला तर पेशंट उठून जाईल अशी भीती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण घरच्यांच्या दृष्टीने परिणाम एकच होतो. तार एकदा बसली की मधेच थांबता येत नाही. पुढचा प्रत्येक खर्च 'आता एवढे केलेच आहे तर' म्हणून करावा लागतो. म्हणून घासाघीस करायची असेल, प्रश्न विचारायचे असतील, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे असेल, तर ते पहिले ब्रॅकेट दातावर चिकटण्याआधी. त्यासाठी हा उपचार नेमका चालतो कसा, हे थोडे समजून घ्यावे लागते.

दात हाडात सिमेंटसारखा घट्ट बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर सतत हलका दाब राहिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. दात त्या वाटेने सरकतो, साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटर. जोर जास्त लावला म्हणून वेग वाढत नाही, उलट मुळे झिजण्याचा धोका वाढतो. दीड-दोन वर्षे लागतात ती यामुळे. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वाकड्या दातांचे जे वर्गीकरण मांडले, ते आजही जगभर शिकवले जाते. १९७०च्या दशकात दंतोपचारात आलेल्या निकेल-टायटॅनियमच्या तारेने काम सोपे केले. ही तार वाकवली तरी मूळ आकारात परत येते, आणि परत येता येता दाताला हळूहळू ओढते. पण ती तार आणि ब्रॅकेट हा एकूण खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग आहे दर चार ते सहा आठवड्यांनी होणाऱ्या तपासणीचा आणि डॉक्टरच्या डोक्यातल्या आराखड्याचा. आपण विचारतो तारेचा भाव, घेत असतो दोन वर्षांची देखरेख, आणि घोळ इथेच सुरू होतो.

आता त्या आकड्याबाहेर काय काय राहते ते पाहू.

उपचार सुरू होण्याआधी दोन एक्स-रे बहुतेक वेळा लागतातच. एक पूर्ण जबड्याचा, ज्याला ओपीजी म्हणतात, आणि दुसरा चेहऱ्याच्या बाजूने घेतलेला, सेफॅलोग्राम. दातांचे साचे किंवा स्कॅन आणि फोटोही हवेत. हे रास्त आहे. याशिवाय तार बसवायला कुणी तयार असेल तर खरे तर तिथून परत फिरावे. मात्र तीन मिती दाखवणारा सीबीसीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. सुळा हाडात अडकला असेल, जबड्याची शस्त्रक्रिया ठरत असेल, अशा वेळी तो उपयोगी पडतो. नेहमीच्या गर्दीच्या दातांसाठी तो सांगितला तर 'यातून असे काय कळेल जे साध्या एक्स-रेत कळत नाही?' हा प्रश्न विचारायला संकोच नको.

मग तोंडाची आधीची कामे. दात साफ करून घेणे, किडलेले दात भरणे, कधी रूट कॅनाल. तार बसल्यावर दात घासणे अवघड होते, म्हणून ही कामे आधीच उरकावी लागतात. ती 'तारेच्या' खर्चात क्वचितच धरलेली असतात.

त्यानंतर घरात सगळ्यांना धक्का बसतो तो दात काढण्याचा. 'चार चांगले दात काढा म्हणतात!' हे वाक्य मराठवाड्यात कितीतरी घरांत उच्चारले गेले असेल. हा वाद मात्र शंभर वर्षांचा आहे. अँगल यांचे ठाम मत होते की सगळे दात राखूनच उपचार करावा. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पाहिले की तसे केलेल्या कित्येक रुग्णांचे दात पुन्हा पुढे येतात. त्यांनी आपलेच रुग्ण पुन्हा उपचाराला घेतले, उपदाढा काढून जागा केली आणि निकाल मांडले. आज दोन्ही पद्धती चालतात. जबडा लहान आणि दात मोठे असतील, ओठ मिटत नसतील, तर उपदाढा काढणे योग्य ठरते. तेव्हा दात काढायला सांगणारा डॉक्टर लुटारू आणि 'दात न काढता करतो' म्हणणारा देवमाणूस, असा हिशेब करू नये. कारण विचारावे, आणि काढण्याची फी धरलेली आहे का तेही विचारावे. अक्कलदाढांचे वेगळे आहे. अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते म्हणून ती आधीच काढून टाका, असा सल्ला अजूनही मिळतो. संशोधनाचा त्याला आधार नाही. ती दुखत असेल, किडली असेल, शेजारच्या दाढेला इजा करत असेल, तर गोष्ट निराळी.

ब्रॅकेट निघण्याचा खर्च आपल्याकडे विशेष मोजावा लागतो. परभणीच्या पट्ट्यात थंडीत हुरडा, मग ऊस, वर्षभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कडक झालेली ज्वारीची भाकरी. चौदा वर्षांच्या पोराला हे सगळे दोन वर्षे बंद करा म्हणणे सोपे नाही. ब्रॅकेट निघाले की काही ठिकाणी पहिल्या एक-दोन वेळा पैसे घेत नाहीत, नंतर प्रत्येक ब्रॅकेटमागे घेतात. आणि चारठाण्याहून येणाऱ्याला फीपेक्षा जास्त भारी पडते ती फेरी. आधी जिंतूर, आणि डॉक्टर परभणीचे असतील तर तिथून पुढे आणखी चाळीसेक किलोमीटर. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, तेवढा दिलासा. पण दीड-दोन वर्षांत वीसेक फेऱ्या, प्रत्येक फेरीला आईची किंवा वडिलांची मजुरी बुडणार, पोराची शाळा बुडणार. हा पैसा कुठल्याच दवाखान्याच्या कागदावर येत नाही. कुटुंबाने तो स्वतःच मांडायला हवा, आणि डॉक्टर निवडताना हजार-दोन हजारांच्या फरकापेक्षा या अंतराला जास्त वजन द्यायला हवे, असे मला वाटते.

जवळच्या डॉक्टरचेही एक गणित आहे. तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना बहुधा बीडीएस डॉक्टरांचा असतो आणि तारेचे काम करणारे एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एक-दोनदा बाहेरून येतात. ही व्यवस्था वाईट नाही. उलट तिच्यामुळेच लहान गावांपर्यंत तज्ज्ञ पोचले. पण बाहेरून येणारे डॉक्टर यायचे थांबले तर केस कोण पुढे नेणार, हे आधी विचारून ठेवावे. बीडीएसनंतर तीन वर्षे फक्त याच विषयाचे शिक्षण घेतलेला माणूस आपल्या मुलाचा आराखडा करणार आहे का, हेही सरळ विचारावे. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

आता 'थोडे जास्त दिलेत तर' या भागाकडे येऊ. साध्या धातूच्या तारेसाठी गेलेल्या माणसापुढे एक तक्ता येतो. धातूच्या वर सिरॅमिक, सिरॅमिकच्या वर सेल्फ-लायगेटिंग, त्यावर आतून बसणाऱ्या लिंग्वल तारा, सगळ्यात वर पारदर्शक अलाइनर. प्रत्येक पायरीला किंमत वाढते आणि शेवटची पायरी सहज लाखाच्या पुढे जाते.

सिरॅमिकचे ब्रॅकेट दातांच्या रंगाचे असतात, लांबून चटकन दिसत नाहीत, हे खरे. पण तार अडकवायला लागणाऱ्या पारदर्शक रबरी कड्या आपल्या वरणा-आमटीतल्या हळदीने पिवळ्या पडतात आणि पुढच्या तपासणीपर्यंत तशाच राहतात. शिवाय हे ब्रॅकेट ठिसूळ असतात. एवढे माहीत असूनही कुणाला हवे असतील तर जरूर घ्यावेत. सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेटमध्ये रबरी कडीऐवजी छोटे दार असते. 'यात सहा महिने लवकर होते' असे सांगून ते विकले जातात. एकत्रित केलेल्या अभ्यासांतून एकूण कालावधी कमी होतो असे दिसलेले नाही. दातांना कंप देऊन ते लवकर सरकवणारी उपकरणेही बाजारात आहेत, त्यांच्याही बाजूने भक्कम पुरावा नाही. साधी धातूची तार ही गरिबांची, कमी प्रतीची तार आहे, ही समजूत पार चुकीची आहे. अवघड केसमध्ये अनुभवी डॉक्टर आजही तिच्यावरच भरवसा ठेवतात.

माझा खरा विरोध आहे तो 'स्माइल डिझायनिंग'च्या नावाखाली होणाऱ्या एका प्रकाराला. लग्न ठरलेले असते, हातात महिना-दीड महिना असतो, मुलीचे पुढचे दात थोडे वाकडे असतात. अशा वेळी सांगितले जाते, तारांना दोन वर्षे लागतील, आपण आठवड्यात करून देऊ. मग वरचे सहा-आठ निरोगी दात तासले जातात आणि त्यांवर व्हिनियर म्हणजे पातळ कवच किंवा कॅप बसवतात. तासलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. व्हिनियर आयुष्यभर टिकत नाहीत, काही वर्षांनी बदलावे लागतात, म्हणजे वीस वर्षांची मुलगी आयुष्यभराच्या हप्त्यांना बांधली जाते. तुटलेल्या, रंग गेलेल्या, झिजलेल्या दातांसाठी व्हिनियर हा चांगला उपचार आहे. फक्त वाकड्या असलेल्या, ठणठणीत दातांसाठी तो करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतलेच पाहिजे. मुलीच्या हसण्याबद्दल पाहुणे काय म्हणतील या धास्तीवर हा धंदा उभा राहतो, आणि त्या धास्तीची किंमत मुलीच्या दातांनी चुकवावी लागते.

अलाइनरची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आता त्यांच्या जाहिराती मोबाइलवरून थेट गावात पोचल्या आहेत. १९९७ मध्ये अमेरिकेत अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली. स्कॅनवरून संगणकात दातांचा प्रवास आखायचा आणि प्रत्येक टप्प्यासाठी एक पारदर्शक साचा बनवायचा, ही त्यांची पद्धत. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दिवसात २० ते २२ तास तो तोंडात ठेवावा लागतो. २०१७ पासून कंपनीच्या महत्त्वाच्या पेटंटची मुदत संपू लागली आणि अनेक नव्या कंपन्या उतरल्या. संगणकावर दात सरळ होतानाची जी चित्रफीत दाखवतात ती मोहक असते, पण ती अंदाज असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चित्रफितीत आखलेली हालचाल तोंडात प्रत्यक्षात सरासरी निम्मीच झालेली आढळली. म्हणून जवळपास प्रत्येकाला 'रिफाइनमेंट' म्हणजे साच्यांचा दुसरा संच लागतो. तो पहिल्या किमतीत आहे का, आणि किती वेळा, हा प्रश्न अलाइनर घेणाऱ्याने सगळ्यात आधी विचारावा.

डॉक्टरला न भेटता घरपोच अलाइनर देणाऱ्या स्माइलडायरेक्टक्लब या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये दार बंद केले. आयुष्यभराची हमी रद्द झाल्याचे ग्राहकांना कळवण्यात आले. हप्ते मात्र भरत राहा, असेही सांगण्यात आले. अमेरिकेतली ही घटना जिंतूरच्या वाचकाच्याही कामाची आहे, कारण आपल्याकडेही दवाखान्यातच हप्त्यांची सोय मिळू लागली आहे. तो हप्ता डॉक्टरांचा आहे की फायनान्स कंपनीचा, हे पाहावे. कंपनीचा असेल तर कंपनी दवाखान्याला पैसे देऊन मोकळी होते आणि कर्ज आपल्या नावावर राहते, मग दवाखाना चालो की बंद पडो. 'बिनव्याजी' या शब्दावरही विसंबू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत लपलेले असते. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. तो कागद मागावा. त्यापेक्षा डॉक्टरांशीच बोलून दर फेरीला थोडे थोडे देण्याचे ठरले तर उत्तम. लहान गावांत ही पद्धत आधीपासून आहे आणि तिच्यात एक शहाणपण आहे: जेवढे काम, तेवढे पैसे.

सगळ्यात जास्त विसरला जाणारा खर्च शेवटी येतो. तारा निघाल्या की दात मूळ जागी परत जाऊ पाहतात. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांना रिटेनर बंद झाल्यावर अनेक वर्षांनी पुन्हा तपासले. दहा वर्षांनी खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले रुग्ण ३० टक्क्यांहून कमी निघाले, वीस वर्षांनी जेमतेम १० टक्के. म्हणून रिटेनर लागतो, आणि तो रात्री कित्येक वर्षे, शक्य तर कायम. एक प्रकार दातांच्या मागे चिकटवलेल्या बारीक तारेचा, दुसरा काढता-घालता येणारा. दोन्ही कधी ना कधी तुटतात, हरवतात, बदलावे लागतात. रिटेनरचे पैसे उरले नाहीत म्हणून तो न घेता गेलेल्या मुलाचे दोन वर्षांचे कष्ट आणि घरच्यांचे हजारो रुपये हळूहळू वाया जातात. तारेचा भाव रिटेनरसकट सांगणारा डॉक्टर थोडा महाग वाटला तरी तो प्रामाणिक हिशेब देतो आहे.

मुळात उपचाराची गरज किती, हा प्रश्न पैशाच्याही आधीचा. ब्रिटनमध्ये यासाठी १९८९ मध्ये मांडलेले एक मापन वापरतात. दातांची स्थिती एक ते पाच अशा श्रेणीत बसवतात. सरकारी आरोग्यसेवेतून अठरा वर्षांखालील मुलांना मोफत उपचार मिळतो तो प्रामुख्याने चौथ्या आणि पाचव्या श्रेणीला. हाडात अडकलेला सुळा, सहा मिलिमीटरहून अधिक पुढे आलेले दात, दुभंगलेली टाळू, अशी कारणे तिथे येतात. पहिल्या दोन श्रेणींत आरोग्याच्या दृष्टीने गरज जवळपास नसते. आपल्याकडे असे कुणी सांगत नाही, पण आपण विचारू शकतो: न केल्यास नेमके काय बिघडेल? उत्तर 'दिसायला बरे नाही' एवढेच असेल, तरी तार बसवण्यात गैर काही नाही. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीचे दुःख खरे असते. फक्त मग तो खर्च हौसेचा आहे हे जाणून, कर्ज न काढता करावा.

खर्च आवाक्यात आणायचा एक चांगला मार्ग म्हणजे दंत महाविद्यालय. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि फी खासगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी असते. वेळ जास्त जातो, आणि विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की केस दुसऱ्याच्या हाती जाते, हे धरून चालावे. जन्मतः ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळाच्या आईवडिलांनी तर कुठलाही दर विचारण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत उपचार मिळणाऱ्या दोषांच्या यादीत हा दोष आहे. आरोग्य विम्यावर मात्र फार आशा ठेवू नये, बहुतेक पॉलिसींत अपघात सोडून दातांचा खर्च मिळत नाही.

डॉक्टर ठरल्यावर एका कागदावर लिहून घ्यावे: एकूण रक्कम, तीत एक्स-रे, दात काढणे, दर महिन्याची तपासणी, तुटलेले ब्रॅकेट, दात ओढायला हाडात बसवायचा स्क्रू लागला तर तो, आणि रिटेनर धरले आहे की नाही, किती महिने लागतील, लांबले तर पैसे वाढतील का, गाव सोडावे लागले तर काय. खाली सही आणि तारीख. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही, त्यालाही हा कागद उपयोगाचा असतो. प्रत्येक पैशाची पावती आणि एक्स-रेची प्रत घरी ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २००८ च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट केले की एका उपचाराची संमती म्हणजे दुसऱ्याची संमती नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे डॉक्टर पुण्याचा असला तरी चारठाण्याचा माणूस परभणीच्या ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

आणि 'ही सूट आजच्या दिवसापुरती' असे कुणी म्हणाले तर निवांत घरी यावे. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर पन्नाशीतही दात सरकतात, त्यामुळे चार महिने विचार केल्याने मोठ्या माणसाचे काही बिघडत नाही. घाई खरी असते ती लहानपणीच्या थोड्या गोष्टींत: वरचे पुढचे दात खालच्यांच्या मागे अडकत असतील, जबडा एका बाजूला सरकत असेल, तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत सुळे दिसलेच नसतील. म्हणून सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दात दाखवावेत, असे अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सुचवते. त्या वयात बहुतेक मुलांना काहीच लागत नाही, आणि पुढे आलेल्या दातांवर लवकर उपचार केल्याने नंतरचा उपचार टळतो असेही दिसलेले नाही. एक फायदा तेवढा आढळला आहे: खेळताना पडल्यावर पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी होते. एखाद्या धडपड्या पोरासाठी तेवढेही कारण पुरेसे असू शकते, हे ठरवायला त्याला ओळखणारे आईवडीलच हवेत.